मेण वेदीसाठी, मध पिंपासाठी

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत चर्चमधील सर्व दिवे मालवलेले असतात. बाहेर पेटविलेल्या नव्या अग्नीवर पास्काची मेणबत्ती प्रज्वलित होते, तिची ज्योत हातोहाती मागच्या बाकांपर्यंत जाते आणि मग पास्काचे प्राचीन स्तुतिगान गायिले जाते. तांबडा समुद्र, आदामाचे पाप, ख्रिस्ताचा विजय अशा थोर विषयांच्या त्या गानात एका इवल्याशा कीटकालाही जागा मिळाली आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ज्या मेणाची ती मेणबत्ती घडली, ते मधमाश्यांनी कष्टाने साठविले, असा कृतज्ञ उल्लेख मूळ लॅटिन पाठात आहे. १९७०च्या दशकातील इंग्रजी भाषांतरातून ह्या बिचाऱ्या माश्या वगळल्या गेल्या होत्या. २०११ साली आलेल्या नव्या इंग्रजी भाषांतरात त्या परत आल्या. आम्हांला त्याचा मनापासून आनंद झाला.

हा उल्लेख वाचताना आमच्या मनात एक साधा, संसारी प्रश्न आला. ख्रिस्तसभेने शतकानुशतके वेदीवर मधमाश्यांच्या मेणाच्याच मेणबत्त्या लावल्या. पास्काची मेणबत्ती आणि मिस्साच्या दोन मेणबत्त्या ह्यांत निदान बहुतांश भाग तरी मधमाश्यांच्या मेणाचा असावा, असे रोमने १९०४ सालीही बजावले होते. एवढे मेण काढायचे म्हणजे पोळी लागणार, आणि पोळी आली की मध आलाच. मेण वेदीवर गेले. मधाचे काय झाले?

बराचसा मध स्वयंपाकघरात गेला, औषधाच्या बाटलीत गेला. परंतु त्याचा एक वाटा मठांच्या आणि घरांच्या पिंपांत गेला आणि तेथे त्याचे पेय झाले. त्या पेयाची, म्हणजे मध घालून घरी आंबविलेल्या हलक्या एलची, कथा आम्ही येथे सांगू इच्छितो.

जुन्या युरोपात मधमाश्या पेंढ्याच्या विणलेल्या, उपड्या टोपलीत पाळीत. आजच्यासारखी सुट्या चौकटींची पेटी तेव्हा नव्हती. ती १८५१-५२च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेंझो लँगस्ट्रॉथ नावाच्या एका प्रॉटेस्टंट पाळकाने शोधून काढली. टोपलीतील मध काढायचा म्हणजे पोळे फोडावेच लागे. पुष्कळदा शरद ऋतूत गंधकाची धुरी देऊन सारे मोहोळ मारून टाकीत. फोडलेले पोळे फडक्यात टांगले की उत्तम मध आपोआप गळे. उरलेला चोथा पिळून दुय्यम मध निघे. तरीही मेणाला मध चिकटलेला राहीच. मेणबत्तीसाठी मेण स्वच्छ हवे, म्हणून तो चोथा कोमट पाण्यात धुवीत, आणि ते धुण्याचे गोड पाणी कोणीही शहाणी गृहिणी फेकून देत नसे. ते आंबविले तर मधाचे मद्य होई. सातूच्या काढ्यात मिसळले तर मधाची एल होई. वेदीची मेणबत्ती आणि घरातले पेय ही अशी एकाच धुण्यातून निघालेली भावंडे होत.

मठांत पेयांचा प्रश्न केवळ चवीचा नव्हता. संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा चाळिसावा अध्याय पेयाच्या मापाविषयी आहे. मठवासीयांनी द्राक्षारस मुळीच पिऊ नये हे त्यांना मान्य आहे. पण आपल्या काळच्या मठवासीयांना ते पटविता येणार नाही, हेही ते जाणून आहेत. म्हणून ते दररोज माणशी एक 'हेमिना', म्हणजे साधारण पाव ते अर्धा लिटर, एवढे माप ठरवून देतात. पुढे ते म्हणतात की, जागेची गरज, कामाचा भार किंवा उन्हाळ्याची काहिली ह्यांमुळे अधिक लागले तर ते मठाधिपतीने ठरवावे. मात्र कोणी झिंगणार नाही ह्याची दक्षता घ्यावी. उन्हाळ्याची ही सवलत वाचून आम्हांला संत बेनेडिक्टांविषयी अधिकच आपुलकी वाटू लागली. भर दुपारी गवत कापून आलेल्या माणसाची तहान काय असते, हे ह्या संताला ठाऊक होते.

आल्प्सच्या उत्तरेस द्राक्षे सहज पिकत नाहीत, तेथे सातू पिकतो. त्यामुळे ८१६ साली आखेन येथे भरलेल्या सभेत मठांसाठी नियम झाले तेव्हा, जेथे द्राक्षारस नसेल तेथे दुप्पट मापाने चांगली बिअर द्यावी, असे ठरले. त्यानंतर थोड्याच वर्षांत आखलेला एका आदर्श मठाचा आराखडा स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथे आजही जतन केलेला आहे. त्यात बिअर करण्याच्या जागा तीन आहेत: एक मठवासीयांसाठी, दुसरी मानाच्या पाहुण्यांसाठी, तिसरी यात्रेकरू व गोरगरिबांसाठी. मठातही पंगती वेगळ्या होत्या, हे पाहून मन थोडे खट्टू होते. पण गरिबांसाठीही स्वतंत्र पिंप असावे, असे त्या आराखडाकाराला वाटले, हीही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

आता एल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. सातू भिजवून त्यास मोड आणतात आणि तो मंद आचेवर वाळवितात. हा झाला माल्ट. तो भरडून गरम पाण्यात तासभर मुरविला की धान्यातील पिष्टाची साखर होते आणि गोड काढा तयार होतो. काढा उकळून, निववून त्यात यीस्ट घातले की काही दिवसांत साखरेचे मद्यार्क व वायू होतात. हवेच्या साधारण उबेत, काढ्याच्या पृष्ठभागावर फेस धरून जी आंबते ती एल. तीच जर थंड तळघरात सावकाश आंबविली, तर जे पेय होते ते लागर.

ह्यात मध घातल्याने पेय जड होईल, असे कोणालाही वाटेल. होते नेमके उलटे. माल्टच्या काढ्यातील काही शर्करा यीस्टला पचत नाहीत. त्या मागे राहतात आणि पेयाला दाटपणा देतात. मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते आणि ती जवळजवळ सर्वच्या सर्व आंबून जाते. गोडी नाहीशी होते; फुलांचा अस्पष्ट सुगंध तेवढा राहतो आणि पेय अंगाने पातळ, कोरडे, हलके होते. म्हणूनच मधाची एल उन्हाळ्याची मानली जाते. परदेशांत आज घरी एल करणारे लोक २० लिटरला साधारण ३ किलो फिकट माल्ट, अर्धा किलो मध आणि २०-२५ ग्रॅम हॉप्स घेतात. माल्ट ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर मुरवितात. मध मात्र उकळी संपताना किंवा त्याहूनही उशिरा घालतात, कारण उकळला तर त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. मग १८ ते २० अंशांवर दहाबारा दिवस आंबवून बाटल्या भरतात. मद्यार्क साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. आंबणे पुरते होण्याआधी बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. घाईचे फळ येथे मोठा आवाज करून मिळते.

मध्ययुगातील घरगुती एल पुष्कळदा ह्याहूनही सौम्य असे. एकदा काढा काढून घेतलेल्या धान्यावर पुन्हा पाणी घालून दुसरा, पातळ काढा काढीत आणि ती 'लहान' एल मुले, नोकरचाकर सारेच पीत. पाणी विषारी होते म्हणून लोक एल पीत, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. आम्हांला ते पटत नाही. विहिरी आणि झरे तेव्हाही होते आणि लोक त्यांचे पाणी पीत. एल ही त्यांच्या दृष्टीने पातळ भाकरीच होती: कष्टकऱ्याच्या पोटाला आधार.

आयर्लंडमध्ये तर ह्या पेयाला संतपरंपरेचाच आशीर्वाद आहे. किल्डेअरच्या मठाधिपती संत ब्रिजिद ह्यांचे चरित्र सातव्या शतकात कॉगितोसस नावाच्या मठवासीयाने लिहिले. कुष्ठरोगी एल मागत आले, घरात तर काहीच नव्हते, तेव्हा संत ब्रिजिदने स्नानासाठी ठेवलेल्या पाण्यावर आशीर्वाद दिला व त्याची एल झाली, अशी कथा त्यात आहे. काना गावच्या लग्नाची ही उत्तरेकडील छायाच म्हणायची. पाहुणे मात्र वऱ्हाडी नव्हते, समाजाने दूर लोटलेले रोगी होते. त्याच शतकात त्या देशात मधमाश्यांविषयी स्वतंत्र कायदा लिहिला गेला. माझ्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरतात, तर शेजाऱ्याचाही माझ्या मोहोळावर काही हक्क पोहोचतो, असे तो कायदा मानतो. बांधावरून भांडणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनी हे तत्त्व जरूर ऐकावे.

इंग्लंडात वेसेक्सचा राजा इने (राज्यकाल ६८८ ते ७२६) ह्याच्या कायद्यात दहा 'हाइड' जमिनीमागे राजाला द्यावयाच्या शिधापाण्याची यादी आहे: १० पिंपे मध, ३०० पाव, १२ 'अंबर' वेल्श एल, ३० 'अंबर' स्वच्छ एल, शिवाय गाई, हंस, कोंबड्या, चीज, आणि आपल्या वामीसारखे दिसणारे १०० ईल मासे. ही वेल्श एल मध घातलेली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वेल्श लोकांचे 'ब्रॅगट' नावाचे मध व मसाले घातलेले पेय पुढे प्रसिद्धच झाले.

परंतु राजे आणि मठाधिपती ह्यांच्यामुळे एल टिकली नाही. ती टिकली घरोघरच्या बायकांमुळे. हॉप्सविना केलेली एल काही दिवसांतच आंबट होई. त्यामुळे बाई एका वेळी घराला लागेल त्याहून थोडी अधिक करी आणि उरलेली शेजाऱ्यांना विके. पुढच्या आठवड्यात शेजारीण करी. विधवा आणि गरीब घरच्या स्त्रिया ह्यांना ह्यातून चार पैसे सुटत.

ह्या बायकांपैकी एकीने आपल्या पिंपाची हकीकत स्वतःच सांगून ठेवली आहे. ती म्हणजे लिन गावची मार्जरी केंप. तिचा जन्म १३७३च्या सुमारास झाला. ती चौदा मुलांची आई, यरुशलेमची यात्रेकरू आणि गूढानुभवांमुळे लोकांच्या थट्टेचा विषय झालेली स्त्री होती. तिला स्वतःला लिहिता येत नव्हते. तिने सांगितलेले इतरांनी लिहून घेतले. त्या ग्रंथाचे एकमेव हस्तलिखित १९३४ साली एका इंग्रज घराण्याच्या कपाटात सापडले. तारुण्यात तिला उंची वस्त्रांची हौस होती आणि अधिक पैसा हवा होता, म्हणून तिने एल करण्याचा धंदा काढला. तीनचार वर्षे ती गावातील मोठ्या व्यावसायिकांपैकी एक होती. मग घात झाला. एल उत्तम फेसाळलेली दिसे, आणि एकाएकी तो फेस खाली बसे. सारे पिंप वाया जाई. एकदा नव्हे, पुन:पुन्हा. तिच्या हाताखालील माणसे उत्तम जाणकार होती, पण त्यांचे काही चालेना. लाजून ती तिला सोडून गेली. हा आपल्या गर्वावर देवाने उगारलेला आसूड आहे असे मार्जरीने मानले, नवऱ्याची क्षमा मागितली आणि धंदा बंद केला.

आज आम्ही हे वाचतो तेव्हा जीव कळवळतो. यीस्ट हा सजीव आहे, त्यात दुसरे जंतू शिरले की किंवा तो क्षीण झाला की फेस बसतो, हे तिला कोण सांगणार होते? लुई पाश्चर ह्यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ साली आला आणि डेन्मार्कमध्ये एमिल हान्सन ह्यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले ते १८८३ साली. मार्जरीच्या पिंपात बिघडले ते जंतूंमुळे; तिने दोष घेतला आपल्या आत्म्यावर. तिचा पश्चात्ताप खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. गर्व तिच्यात होता, तिनेच तसे सांगितले आहे. परंतु घरात एखादे मूल आजारी पडले, पीक गेले, धंदा बुडाला की, माझ्या कोणत्या पापाचे हे फळ, असे स्वतःला विचारणाऱ्या कितीतरी माता आम्ही आपल्याच धर्मग्रामांत पाहिल्या आहेत. त्यांना मार्जरीची हकीकत कोणीतरी सांगायला हवी.

त्या काळी फेसाला, म्हणजेच यीस्टला, काय म्हणत ते पाहा. पंधराव्या शतकात नॉर्विच शहरात त्याला 'देवाची देणगी' अशा अर्थाचे नाव होते. ती देवाच्या कृपेने येते, म्हणून तिचा धंदा करू नये, शेजाऱ्याला पाव भाजायला हवी असेल तर द्यावी, असा रिवाज होता. आमच्याकडे विरजण मागायला आलेल्या शेजारणीकडून कोणी पैसे घेते काय? वसई-मुंबईकडील ख्रिस्ती घरांत फुगे करताना पिठात ताडी घालीत, गोव्यात पाव ताडीवर फुगे. त्या ताडीतले आणि मार्जरीच्या पिंपातले काम करणारे जीव एकाच गोत्राचे.

ह्या घरगुती धंद्याचे दिवस भरले ते हॉप्समुळे. हॉप्स ह्या वेलीच्या फुलोऱ्याचा कडवटपणा पेय नासू देत नाही, हे बाराव्या शतकात बिंगनच्या संत हिल्डेगार्ड ह्यांनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नोंदविले. (पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २०१२ साली त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून गौरविले.) हॉप्सची बिअर महिनोन्महिने टिकू लागली, दूरवर जाऊ लागली. दूरवर जायचे तर मोठी पिंपे, मोठे भांडवल हवे. ते पुरुषांच्या हाती होते. घराघरांतील बायका मागे पडल्या. ज्या टिकाऊपणाचे गुण एका मठवासिनीने सांगितले, त्याच टिकाऊपणाने तिच्या बहिणींचा रोजगार नेला.

बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघाले की, बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी ह्यांखेरीज काही घालू नये. मधाला तेथे दार बंद झाले. त्या फर्मानातील दरांची विभागणी मात्र संतांच्या सणांवरून केलेली आहे: संत मायकलपासून संत जॉर्जपर्यंत एक दर, संत जॉर्जपासून संत मायकलपर्यंत दुसरा. पुढे १५५३ साली तर तेथे संत जॉर्जच्या सणापासून, म्हणजे २३ एप्रिलपासून, २९ सप्टेंबरपर्यंत बिअर करण्यासच बंदी झाली. कारण उन्हाळ्यात केलेली बिअर नासे. ज्या ऋतूत तहान अधिक, त्याच ऋतूत पिंप बंद!

इंग्लंडात आणखी वेगळे घडले. १५३६ ते १५४० ह्या काळात आठव्या हेन्रीने मठ बंद केले. वेद्यांवरील मेणबत्त्या कमी झाल्या आणि मेणाचा मोठा गिऱ्हाईक नाहीसा झाला. पुढील शतकांत गुलामांच्या घामावर पिकलेली वेस्ट इंडीजची साखर स्वस्त होत गेली आणि मध मागे पडला. १८८० साली तेथे घरगुती बिअरवरही परवाना आला. तो उठला १९६३ साली. अमेरिकेत घरी बिअर करण्यावरील केंद्रीय बंदी १९७८च्या कायद्याने सैल झाली. तेथे २०११ साली खुद्द व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात, हिरवळीवरील मोहोळाचा मध घालून, एल करण्यात आली आणि पुढच्या वर्षी तिची कृती सर्वांसाठी प्रसिद्ध झाली.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, ह्या पवित्र पानांवर मद्याची भलामण चालली आहे. तसे नाही. झिंगण्याविषयी ख्रिस्तसभा कधीही गाफील नव्हती. सहाव्या शतकातील ब्रिटिश मठवासी गिल्डास ह्यांच्या नावावरील प्रायश्चित्तसंहितेत, मद्यामुळे जीभ जड होऊन ज्याला स्तोत्रे गाता येणार नाहीत त्याचे रात्रीचे जेवण बंद, असा नियम आहे. संत ब्रिजिदच्याच आयर्लंडात पुढे गाळलेल्या दारूने इतका कहर केला की, कॉर्क शहरातील कापुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू ह्यांनी १० एप्रिल १८३८ रोजी स्वतः दारू न पिण्याची शपथ घेतली आणि पुढील काही वर्षांत लक्षावधी आयरिश लोकांना ती दिली. घरातील सौम्य एल आणि गुत्त्यातील कडक दारू ह्यांत फरक आहे, हे म्हणणे खरे. पण ज्या घरातले पैसे गुत्त्यात जातात, त्या घरातील बाईला हा फरक समजावून सांगण्याची आमची तरी हिंमत नाही. आमच्या महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना घरी एल आंबविणे गुन्हाच आहे; मिस्साच्या द्राक्षारसासाठी तेवढी वेगळी मुभा आहे. तेव्हा वर दिलेली मापे कुतूहलापुरतीच समजावीत.

मठांचे मधाशी असलेले नाते मात्र तुटले नाही. हेन्रीने बंद केलेल्या मठांपैकी इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील बकफास्ट येथील मठ १८८२ साली फ्रान्समधून आलेल्या बेनेडिक्टाइन मठवासीयांनी पुन्हा वसविला. १९१० साली एक अकरा वर्षांचा जर्मन मुलगा तेथे आला. पुढे तो ब्रदर अ‍ॅडम ह्या नावाने जगभर ओळखला गेला. मधमाश्यांच्या साथीत १९१६पर्यंत मठाच्या ४६ मोहोळांपैकी ३० मरून गेली. ज्या उरल्या, त्या इटालियन वंशाच्या संकराच्या होत्या. ह्या एका निरीक्षणावर ब्रदर अ‍ॅडमनी आयुष्य वेचले. निरनिराळ्या देशांतून राण्या आणून, डार्टमूरच्या माळावर संकर करून त्यांनी बकफास्ट नावाची शांत, कष्टाळू मधमाशी तयार केली. १९९२ साली, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांनी मोहोळांचे काम सोडले. १९९६ साली ते प्रभूकडे गेले. त्याच मठाच्या नावाचे पंधरा टक्के मद्यार्काचे एक 'टॉनिक' पेय स्कॉटलंडमधील तरुणांच्या व्यसनामुळे वर्षानुवर्षे टीकेचा विषय झाले आहे. एकाच कुंपणाच्या आत मधमाशी आणि बाटली दोन्ही नांदत आहेत.

येत्या पास्काच्या रात्री आमच्या गावच्या चर्चमध्ये मेणबत्ती पेटेल तेव्हा तिला मधाचा वास येतो का, हे आम्ही जरा पुढे सरकून पाहणार आहोत.